परिषदेपुढे यावयाचे ठराव : ते मंडळीत कसे वाचावेत

वाचावयाचे शास्त्रभाग : गणना २७:१–११ व ३६:१–१२, प्रेषितांची कृत्ये ६:१–७, १५:१–३५ व १६:४.

परिषदेचा काळ जवळ आला की चिटणीसाकडून पाळकाच्या नावे एक लखोटा येतो. त्यात सभेची तारीख, उतरण्याची सोय आणि सभेपुढे यावयाच्या ठरावांचा मसुदा असतो. पुष्कळ खेड्यांत तारीख तेवढी मंडळीला कळते, प्रवासखर्चाची जुळवाजुळव होते, आणि मसुदा प्रतिनिधीच्या पिशवीत घडी घातलेला जातो व घडी घातलेलाच परत येतो. पुढे कधी वर्गणी वाढली किंवा पाळकाची बदली झाली म्हणजे लोक विचारतात, 'हे कोणी ठरवले?' ह्याचे उत्तर कडू आहे, पण खरे आहे. ते तुम्हीच ठरवले. तुमच्या वतीने सभेत हात वर झाला होता.

म्हणून ह्या पाठात आम्ही एवढाच विचार करणार आहोत की, ठराव सभेत मंजूर होण्याअगोदर तो गावच्या मंडळीत का वाचला जावा, आणि वाचताना त्यात काय पाहावे.

प्रथम गणनेच्या पुस्तकातील सलाफहादाच्या कन्यांकडे पाहू. त्या पाच बहिणी होत्या, बाप रानात वारलेला, भाऊ नाही. त्या दर्शनमंडपाच्या दारापाशी मोशे, एलाजार याजक, सरदार व सर्व मंडळी ह्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. त्यांचे बोलणे किती थोडके आहे ते वाचकांनी पाहावे. बाप कोरहाच्या बंडात सामील नव्हता. त्यास पुत्र नव्हता. पुत्र नाही एवढ्याच कारणाने त्याचे नाव कुळातून का नाहीसे व्हावे? तरी बापाच्या भाऊबंदांमध्ये आम्हांस वतन द्यावे. घडलेली गोष्ट, तिच्यातील अन्याय आणि नेमकी मागणी, ह्यापलीकडे त्यांनी एक शब्द वाढवला नाही. कोणावर ठपका ठेवला नाही व पूर्वीची भांडणे उकरून काढली नाहीत. आमच्या परिषदांपुढे येणाऱ्या कित्येक मसुद्यांत 'सबब', 'ज्याअर्थी' व 'खेदपूर्वक' ह्यांचीच गर्दी इतकी असते की, शेवटी मागणे काय आहे हे शोधावे लागते.

मोशेनेही तडकाफडकी निकाल दिला नाही. त्याने ते प्रकरण परमेश्वरापुढे नेले, आणि जो निर्णय मिळाला तो त्या पाच जणींपुरताच राहिला नाही. पुत्र नसल्यास कन्या, कन्या नसल्यास भाऊ, पुढे चुलते व जवळचे आप्त, असा सर्व इस्राएलासाठी नियम झाला. एका घराचे गाऱ्हाणे सर्वांचा कायदा होऊन बसले. ज्या भगिनींना वाटते की, आमचे म्हणणे सभेपर्यंत कोण नेणार, त्यांनी हा अध्याय दोनदा वाचावा.

परंतु गोष्ट तेथे संपत नाही. छत्तिसाव्या अध्यायात मनश्शे वंशातील गिलादाच्या घराण्याचे प्रमुख पुढे येऊन म्हणतात, ह्या मुली दुसऱ्या वंशात दिल्या तर आमची जमीन त्या वंशाकडे जाईल, आणि योबेल वर्षातही ती परत येणार नाही. हीच उपसूचना होय. त्यांची अडचण खरी ठरली व नियमात दुरुस्ती झाली : मुलींनी आपल्या मर्जीप्रमाणे लग्न करावे, मात्र आपल्याच वंशात करावे. येथे एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. मुलींना मिळालेला हक्क ह्या दुरुस्तीने काढून घेतला नाही. हल्ली उपसूचना म्हणून जे काही मांडले जाते, त्यातील काही तर मूळ ठरावाचा गळा आवळण्यासाठीच असते. 'हा प्रश्न पुढील विचारासाठी कमिटीकडे सोपवावा' ही सूचना कधी शहाणपणाची असते, तर कधी नुसती पुरण्याची जागा असते. कमिटीत कोण, तिने किती दिवसांत अहवाल द्यावा, हे त्या सूचनेत नसेल तर ती कोणत्या जातीची आहे हे प्रतिनिधीने ओळखावे.

आता कृत्यांचा सहावा अध्याय घेऊ. यरुशलेमेत शिष्यांची संख्या वाढली, आणि ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूद्यांची कुरकुर सुरू झाली की, रोजच्या वाटणीत आमच्या विधवांची उपेक्षा होते. ही कुरकुर बारा प्रेषितांनी दाबली नाही. त्यांनी सर्व शिष्यांस एकत्र बोलावले. तेथे ठरले ते असे : सात पुरुष निवडावेत, ते प्रतिष्ठित, आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असावेत, निवड मंडळीने करावी, नेमणूक प्रेषितांनी करावी, ह्या सातांनी वाटणीचे काम पाहावे आणि प्रेषितांनी प्रार्थना व वचनाची सेवा चालवावी. माणसे किती, ती कशी असावीत, निवडणार कोण, नेमणार कोण, आणि कोणी कोणते काम करावे, हे सगळे त्यात आहे. म्हणूनच तो ठराव अमलात आला. 'विधवांकडे अधिक लक्ष पुरवावे' एवढेच ठरले असते तर विधवा उपाशीच राहिल्या असत्या. निवडलेल्या सातांची नावेही ग्रीक आहेत, हे लहान पण बोलके आहे. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती भांडार दिले, असे त्यावरून पुष्कळ अभ्यासक समजतात, आणि आम्हांसही ते खरे वाटते.

वरच्या सभेने खालच्या मंडळ्यांस विचारावे, ह्याचा पक्का नियम स्कॉटलंडच्या मंडळीत फार जुना आहे. मुंबई, पुणे व जालना ह्या ठिकाणी ज्यांच्या मिशनऱ्यांनी काम केले, तीच ही प्रेस्बिटेरियन मंडळी. १६९७ साली तिच्या जनरल असेंब्लीने असा कायदा केला की, शिक्षण, उपासना, शिस्त किंवा कारभार ह्यांविषयी सर्व मंडळीस बांधणारा नवा नियम असेंब्लीने एकाच बैठकीत कायम करू नये. प्रथम त्याचा मसुदा प्रत्येक प्रेस्बिटरीकडे, म्हणजे आसपासच्या मंडळ्यांच्या पाळक व वडील ह्यांच्या सभेकडे, पाठवावा. त्यांची मते पुढील असेंब्लीपुढे यावीत, आणि बहुतेकांची संमती असेल तरच नियम कायम व्हावा. ह्यास 'बॅरियर ॲक्ट', म्हणजे अडसराचा कायदा, म्हणतात, व तो आजही चालू आहे. एका बैठकीच्या भरात, एका वक्त्याच्या प्रभावाने, सर्व मंडळीवर ओझे लादले जाऊ नये म्हणून हा अडसर. ह्यात वेळ जातो हे खरे. पण ज्या खेड्यास एकदा विचारले गेले आहे, त्यास नंतर समजावीत बसावे लागत नाही.

त्याच मंडळीच्या इतिहासातील दुसरी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तेथे पुष्कळ ठिकाणी पाळक नेमण्याचा हक्क गावच्या जमीनदाराकडे असे. १८३४ साली असेंब्लीने ठरवले की, प्रभुभोजनात भाग घेणाऱ्या कुटुंबप्रमुख पुरुषांपैकी बहुसंख्येने नापसंती दाखवली, तर तो पाळक त्या मंडळीवर लादू नये. त्याच वर्षी ऑक्टरार्डर ह्या गावी प्रसंग आला. ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी नापसंती नोंदवली. बोलावणीपत्रावर सही करणारे गावात दोघेच निघाले. परंतु प्रकरण न्यायालयात गेले, आणि १८३८ साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने व १८३९ साली लॉर्डांच्या सभेने असे ठरवले की, असेंब्लीस असा नियम करण्याचा अधिकारच नव्हता. शेवटी १८ मे १८४३ रोजी एडिंबरो येथे पाळकांचा मोठा समुदाय असेंब्लीतून उठून बाहेर पडला. ४७४ पाळकांनी आपले घर, वेतन व उपासनामंदिर ह्यांवरील हक्क लेखी सोडून दिला आणि फ्री चर्च स्थापन झाले. १८२९ पासून मुंबईत असलेले डॉ. जॉन विल्सन व त्यांचे सहकारी ह्यांनीही त्यांचीच बाजू घेतली, व शाळेसाठी नव्याने बांधलेली इमारत त्यांस सोडावी लागली.

ह्या गोष्टीत दोन्ही बाजू आहेत. देशाचा कायदा काय म्हणतो हे न पाहता ठराव केला तर तो न्यायालयात टिकत नाही. पण तत्त्वाचा ठराव करणाऱ्यांनी त्याची किंमत स्वतःच्या खिशातून दिली, ही दुसरी बाजू आम्हांस अधिक मोलाची वाटते. दुसऱ्याने किंमत द्यावी असे ठराव करणे सोपे असते.

आमच्या देशातील मंडळ्यांच्या ऐक्याचे ठरावही असेच सावकाश पिकले. १९१९ साली तरंगंबाडी येथे निरनिराळ्या मंडळ्यांचे काही पाळक एकत्र जमून निवेदन काढते झाले. मेथडिस्ट मंडळीची संमती १९४३ साली, अँग्लिकन मंडळीची १९४५ साली व साउथ इंडिया युनायटेड चर्चची १९४६ साली मिळाली. आणि २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे चर्च ऑफ साउथ इंडियाचा आरंभ झाला. उत्तरेकडील ऐक्य, ज्यात महाराष्ट्रातील अनेक मंडळ्या आहेत, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास घडले. त्या वर्षी मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशियाने मात्र अखेरच्या टप्प्यावर आपली संमती दिली नाही व ती मंडळी बाहेर राहिली. त्यांचा निर्णय बरोबर की चूक, ह्यात आम्ही शिरत नाही. मत विचारले म्हणजे 'नाही' हे उत्तरही ऐकून घ्यावे लागते, आणि ज्यांस ते नको असते ते विचारतच नाहीत.

आता गावात मसुदा वाचावयास बसू. रविवारच्या उपासनेनंतर अर्धा तास पुरेसा होतो. एक जण मोठ्याने वाचील व कठीण शब्द सोडवून सांगील, एवढीच तयारी लागते. निरक्षर आजीबाईस ठराव कळला नाही तर तो अजून नीट मांडलेला नाही असे समजावे.

समजा, वर्गणी वाढविण्याचा ठराव आहे. वर्गणी वाढू नये असे आम्ही म्हणणार नाही; पाळकाच्या घरी चूल पेटली पाहिजे. परंतु ती दर मंडळीवर सारखी की सभासदांच्या संख्येवर, दुष्काळाच्या वर्षी काय, ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांचे काय, आणि गोळा झालेल्या पैशाचा हिशेब गावास केव्हा दाखवणार, हे मसुद्यात असावे. मिझोराममधील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत बायका रोज स्वयंपाक करताना मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढतात. ते सर्वांस झेपते, गरिबासही. म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. आमच्या परिषदांनी रुपयांचा आकडा ठरविण्याअगोदर कधी ज्वारीच्या मुठीचाही विचार करावा.

समजा, पाळकांच्या बदल्यांचा ठराव आहे. त्यात मंडळीचे म्हणणे कोणी व केव्हा विचारावयाचे, आणि पाळकाच्या मुलांच्या शाळेचे वर्ष मध्येच तुटणार की काय, एवढे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ काम होते.

परंतु जमिनीचा किंवा इमारतीचा ठराव असेल तर घाई करू नये. ह्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. मंदिराची, शाळेची किंवा दफनभूमीची जागा विकणे, बदलणे किंवा दीर्घ मुदतीने भाड्याने देणे हा विषय सभेच्या दिवशी प्रथमच कानी पडला तर प्रतिनिधीने हात वर करू नये. गावाहून निघण्यापूर्वी सातबाऱ्याचा उतारा काढून जागा कोणाच्या नावे आहे ते पाहावे; ती पुष्कळदा एखाद्या ट्रस्टच्या नावे असते, व गावास त्या ट्रस्टचे नावही ठाऊक नसते. सार्वजनिक ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकावयाची तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या कायद्यातील ३६ व्या कलमाप्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक, किंवा बिनशेती जागा व इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यावयाची तरीही लागते. म्हणून सभेत विचारावे : ही मंजुरी मागितली आहे काय? किंमत कोणी ठरवली? पैसा कोठे जमा होणार व कोणत्या कामी लागणार? असे प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे कोणी म्हणेल. प्रामाणिक कारभाऱ्यास तर हे प्रश्न आवडतातच, कारण त्यांची उत्तरे त्याच्याजवळ तयार असतात.

मंडळीचे मत झाले की ते दोन ओळींत लिहून प्रतिनिधीजवळ द्यावे. मात्र त्याचे हातपाय बांधून पाठवू नये. सभेत त्यास नवीन माहिती मिळेल, दुसऱ्या गावची अडचण ऐकावयास मिळेल, आणि तिच्यामुळे त्याचे मत बदलले तर त्यात त्याचा दोष नाही. कृत्यांच्या पंधराव्या अध्यायातील सभा अशीच चालली. अंत्युखियाहून पौल, बर्णबा व इतर काही जण वादाचा प्रश्न घेऊन यरुशलेमेस गेले. तेथे पुष्कळ वादविवाद झाला असे शास्त्र मोकळेपणाने सांगते. पेत्र आपल्या अनुभवावरून बोलला. बर्णबा व पौल ह्यांनी परराष्ट्रीयांत काय घडले ते सांगितले व लोक गप्प राहून ऐकत राहिले. मग याकोबाने शास्त्राचा आधार देऊन निर्णय सुचवला. जे ओझे स्वतः यहूद्यांस व त्यांच्या पूर्वजांस वाहवले नाही ते परराष्ट्रीयांच्या मानेवर ठेवावयाचे नाही, असे ठरले, व अगदी अवश्य तेवढ्याच गोष्टी लिहिल्या गेल्या.

आणि पत्र लिहून ते थांबले नाहीत. यहूदा बर्सब्बा व सीला ह्या दोघांस पत्रासोबत पाठवले, अशासाठी की त्यांनी तोंडीही सांगावे. अंत्युखियात सर्व मंडळी जमवून पत्र वाचले गेले, लोकांस आनंद झाला, आणि ते दोघे काही दिवस तेथे राहून बंधुजनांस बोध करीत होते. पत्रावर अंत्युखिया, सूरिया व किलिकिया एवढीच नावे होती. तरी सोळाव्या अध्यायात पौल त्यांपलीकडच्या नगरांतून जाताना तेच ठराव मंडळ्यांस पोहोचवीत चालला आहे. तेव्हा परिषदेहून परत आलेल्या प्रतिनिधीस पुढच्याच रविवारी उभे करावे, मंजूर झालेले ठराव, नामंजूर झालेले ठराव आणि त्याने स्वतः कोणत्या बाजूस मत दिले, हे तिन्ही त्याच्या तोंडून ऐकावे. आणि जवळच्या ज्या वस्तीवर चार-पाचच ख्रिस्ती घरे आहेत व जेथून कोणी प्रतिनिधी जात नाही, तेथे त्याच आठवड्यात उपदेशकाने मसुद्याची प्रत घेऊन जावे.