सरोवराकाठचा दहा आठवड्यांचा हंगाम : चेरीच्या बागा आणि पाहुण्यांच्या खोल्या



शेतीला जोडधंदा म्हणून मळ्यात दोन खोल्या बांधून पर्यटक ठेवावेत काय, हा प्रश्न अलीकडे शेतकरी मेळाव्यांत हमखास विचारला जातो. धरणाच्या पाणफुगवट्यालगत ज्यांची जमीन आहे ते तर पिकाआधी हाच प्रश्न विचारतात. पवना धरणाच्या काठी तंबू लावून मुक्कामाची सोय करणारे शेतकरी आपण पाहिले असतील. आपल्याकडे हा धंदा तसा नवा आहे. जेथे तो सव्वाशे वर्षांहून अधिक काळ शेतीच्या शेजारी नांदत आला आहे, असा एक प्रदेश प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे. हा प्रदेश म्हणजे अमेरिकेतील मिशिगन राज्याचा उत्तर भाग आणि त्यातील ट्रॅव्हर्स सिटी या गावाचा परिसर.

सरोवर आणि पीक

मिशिगन सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर आहे. आपल्या पुणे विभागातील पाचही जिल्हे एकत्र केले तर साधारण एवढीच जमीन भरेल. एवढे पाणी सावकाश तापते आणि सावकाश थंड होते. वारे बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे पाण्यावरून जमिनीवर येतात. त्यामुळे पूर्व किनाऱ्यालगत हिवाळ्यात थंडीचा कडाका थोडा कमी राहतो, तर वसंतात हवा उशिरापर्यंत गार राहते. या गारव्यामुळे चेरीचा फुलोरा लांबतो. बहुतेक धोकादायक रात्री टळून गेल्यावर, म्हणजे मेच्या मध्यास, झाडे फुलतात. जमीन हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांच्या टेकड्यांची आहे. पाण्याचा निचरा उत्तम होतो आणि रात्रीची जड थंड हवा उतारावरून खाली वाहून जाते. म्हणून बागा उंचवट्यावर आहेत. उंचवट्यावरूनच सरोवराचा देखावाही सर्वांत सुंदर दिसतो, हे लक्षात ठेवावे. पुढील सर्व तंटा त्यातूनच निघालेला आहे.

ट्रॅव्हर्स सिटीच्या उत्तरेस ओल्ड मिशन नावाचा सुमारे ३० किलोमीटर लांबीचा चिंचोळा द्वीपकल्प आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस सरोवराचे आखात आहे. पीटर डोअर्टी या मिशनऱ्याने १८५२ मध्ये येथे चेरीची झाडे लावली. आज अमेरिकेतील आंबट चेरीचे सुमारे सत्तर टक्के उत्पादन मिशिगन राज्यात होते. मुख्य जात माँटमोरेन्सी. काढणी जुलैत होते. झाडाचे खोड यंत्राच्या पकडीत धरून काही सेकंद हलवतात, फळे ताडपत्रीवर पडतात आणि तेथून थंड पाण्याच्या टाकीत जातात. आंबट चेरी नाजूक असल्याने ताजी दूर जात नाही. बहुतेक माल गोठवण्यास, सुकवण्यास व रसासाठी कारखान्यात जातो आणि त्याचा भाव बागाईतदाराच्या हाती नसतो.

पाहुणे कसे आले

१८७२ मध्ये रेल्वे ट्रॅव्हर्स सिटीस पोहोचली. शिकागो, डेट्रॉईट अशा शहरांतील उकाडा व धूर टाळण्यासाठी सुखवस्तू कुटुंबे आगबोटीने आणि रेल्वेने उत्तरेस येऊ लागली. परागकणांमुळे शिंका व दम्याने हैराण झालेले लोकही येत, कारण सरोवरावरून येणारी हवा त्यांना मानवत असे. १८८७ मध्ये मॅकिनॉ बेटावर ग्रँड हॉटेल सुरू झाले. ते बांधण्यात रेल्वे आणि आगबोट कंपन्यांचाच पैसा होता, कारण त्यांना तिकिटे खपवावयाची होती. हे हॉटेल आजही हिवाळ्यात बंद असते. पुढे मोटारी आल्या आणि शेतकऱ्यांसाठी खरी संधी निर्माण झाली. मोटारवाल्यास स्टेशनाजवळचे मोठे हॉटेल नको होते. रस्त्यालगत, पाण्याजवळ, स्वतः स्वयंपाक करता येईल अशी लाकडी खोली आठवड्याच्या भाड्याने मिळाली की त्याचे भागत असे. शनिवारी यावयाचे आणि पुढच्या शनिवारी खोली सोडावयाची, ही पद्धत तेथे अजूनही अनेक ठिकाणी पाळतात. रोज चादरी बदलण्यापेक्षा आठवड्यातून एकदाच साफसफाई करणे शेतकरी कुटुंबास सोयीचे पडते, हा त्यातील व्यवहार.

काढणीच्या हंगामात येणारा हा पाहुणा रस्त्याकडेच्या टपरीवरून गोड चेरी घेतो. कित्येक टपऱ्यांवर माणूसही नसतो. फळांच्या पेट्या आणि पैसे टाकण्याची डबी एवढेच असते. १९२५ मध्ये फुलोऱ्याच्या वेळी चेरीचा छोटा उत्सव सुरू झाला, तो पुढे जुलैत नेण्यात आला. कारण उघड आहे, मेमध्ये फुले असतात पण पाहुणे नसतात.

हंगामाचा हिशेब

जूनअखेरपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, म्हणजे सुमारे दहा आठवडे, हा तेथील मुख्य हंगाम. त्यानंतर शाळा उघडतात. ऑक्टोबरात पानांचे रंग पाहणारे शनिवार-रविवारी येतात. हिवाळ्यात बर्फावरील खेळांसाठी काही लोक येतात, पण साध्या लाकडी खोल्यांना त्यांचा उपयोग नसतो. पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून त्या खोल्यांतील पाइप पूर्ण रिकामे करून कुलूप लावावे लागते. सरोवरातील लाकडी धक्केसुद्धा बर्फाने मोडू नयेत म्हणून काढून ठेवतात आणि वसंतात पुन्हा बसवतात. या कामाची मजुरी दरवर्षी असते, पाहुणे येवोत वा न येवोत.

आता हाच हिशेब आपण आपल्या आकड्यांत मांडू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा दोन खोल्यांचा कर्जाचा हप्ता, डागडुजी, वीज व राखणदारी मिळून वर्षाचा बांधील खर्च १,२६,००० रुपये आहे. हंगाम ७० दिवसांचा धरला तर दोन खोल्यांच्या १४० रात्री होतात. त्यांपैकी ६० टक्के भरल्या तर ८४ रात्री मिळतील. म्हणजे एका खोलीमागे एका रात्रीस १,५०० रुपये केवळ बांधील खर्चच झाला. जेवण, धुलाई व आपली मेहनत निराळी. पावसाने किंवा रस्ता बंद झाल्याने दहा दिवस गेले तर त्याच प्रमाणात ७२ रात्री उरतात आणि खर्च १,७५० रुपयांवर जातो. याउलट वर्षाचे ३६५ दिवस धरून कोणी हिशेब दिला तर तोच खर्च तीनशे रुपयांच्या आत दिसतो. खोल्या बांधून देणारे ठेकेदार बहुधा असाच हिशेब दाखवतात. आपण आपल्या गावात मागील तीन वर्षांत पाहुणे खरोखर किती दिवस आले, ते शेजाऱ्यांकडून मोजून घ्यावे आणि मगच कर्जाचा अर्ज भरावा.

मग तेथील बागाईतदार हा धंदा करतो कशासाठी? माझ्या मते मुख्य कारण जोखीम विभागणे हे आहे. २०१२ च्या मार्चमध्ये तेथे अवेळी उन्हाळ्यासारखी ऊब पडली, झाडे लवकर जागी झाली आणि एप्रिलच्या थंड रात्रींनी कळ्या जाळल्या. मिशिगनचे आंबट चेरीचे नव्वद टक्क्यांहून अधिक पीक गेले. २००२ मध्येही असेच घडले होते. ज्या वर्षी झाडावर फळ नसते त्या वर्षीही सरोवर जागेवर असते आणि खोलीचे भाडे मिळू शकते. उलट २०२० मध्ये साथीमुळे चेरीचा उत्सव रद्द झाला, पण पीक झाडावर होते. दोन्ही उत्पन्ने एकाच वेळी बुडण्याचा संभव कमी, एवढाच या जोडीचा आधार आहे. खोल्यांसाठी झाडे तोडणाऱ्याने हा आधार स्वतःच्या हाताने काढून टाकला, असे समजावे.

देखाव्याची किंमत

पाहुण्यांपैकी काहींना जागा इतकी आवडते की त्यांना तेथे घरच हवे असते. चेरी पिकवून जेवढे मिळेल त्यापेक्षा कितीतरी अधिक पैसा ते त्या उंचवट्यासाठी देऊ शकतात. भाव पडलेल्या वर्षी, वय झालेल्या बागाईतदाराने काय करावे? ओल्ड मिशनवरील बागा अशाच एकेक करून घरांखाली जाऊ लागल्या. येथे पेनिन्सुला टाउनशिप ही आपल्या ग्रामपंचायतीसारखी स्थानिक संस्था आहे. तिच्या मतदारांनी १९९४ मध्ये स्वतःवर जादा कर बसवून घेतला. करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे सव्वा डॉलर असा तो होता. २००२ मध्ये मतदारांनी तो दोन डॉलरपर्यंत वाढवला.

या पैशातून संस्था जमीन घेत नाही, फक्त तिच्यावर घरे बांधण्याचा हक्क विकत घेते. समजा एखादी जमीन प्लॉट म्हणून ५० लाखांस जाते आणि शेती म्हणून २० लाखांस. तर मधले ३० लाख शेतकऱ्यास मिळतात. जमीन त्याचीच राहते, तो ती कसतो, मुलांना देतो, विकूही शकतो. मात्र पुढील मालकासही तेथे वसाहत करता येत नाही. त्यामुळे पुढे विकत घेणाऱ्या तरुण शेतकऱ्यास ती शेतीच्या भावाने मिळण्याची शक्यता राहते. योजनेतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही आहे. ज्या देखाव्यासाठी लोक येतात तो देखावा शेतकऱ्याने फुकट राखावा, अशी अपेक्षा तेथे धरलेली नाही.

तंटे मात्र मिटलेले नाहीत. थंड रात्री फुलोरा वाचवण्यासाठी लावलेल्या मोठ्या पंख्यांचा आवाज आणि पहाटेची फवारणी नव्या शेजाऱ्यांना खपत नाही. अशा तक्रारींपासून रीतसर शेती करणाऱ्यास संरक्षण देणारा कायदा मिशिगनने १९८१ मध्येच केला. दुसरा तंटा वाईनचा. १९७० च्या दशकापासून द्वीपकल्पावर द्राक्षबागा व वाईनरी आल्या आणि काहींनी मुक्कामाच्या खोल्याही काढल्या. लग्नसमारंभ, संगीत, जेवणावळी यांवर टाउनशिपने घातलेल्या मर्यादांविरुद्ध वाईनरींनी २०२० मध्ये दावा लावला. जुलै २०२५ मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने त्यांना सुमारे पाच कोटी डॉलर भरपाई मंजूर केली आणि टाउनशिपने अपिलाचा मार्ग धरला. या टाउनशिपची लोकवस्ती सुमारे सहा हजार आहे, यावरून बोजाची कल्पना यावी. शेतावर नेमके काय चालेल आणि काय चालणार नाही, हे पाहुणे येण्याआधी स्पष्ट लिहिलेले असावे लागते.

आपल्याकडे पाहावयाचे

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले असून केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. बांधण्याचा हक्क विकत घेणारी योजना मात्र आपल्या ग्रामपंचायतींकडे नाही, त्यामुळे जमीन राखण्याचा निर्णय कुटुंबालाच करावा लागतो. सामाईक सातबारा असल्यास सर्व खातेदारांची लेखी संमती आधी घ्यावी. पाहुण्यांच्या खोल्यांसाठी खडकाळ, कमी कसाचा तुकडा निवडावा आणि बागायती जमीन मोकळी ठेवावी. संडासाची टाकी विहिरीपासून आणि जलाशयाच्या काठापासून शक्य तितकी दूर, उताराच्या खालच्या अंगास घ्यावी. काठच पाण्याचा असेल तर उताराचा विचार करून जागा आणखी मागे सरकवावी. मैलापाणी झिरपले तर पाण्यात शेवाळ वाढते, आणि हिरव्या, वास येणाऱ्या पाण्याकाठी कोणी पैसे देऊन राहत नाही. फवारणीच्या दिवशी पाहुण्यांना बागेत सोडू नये. औषधाच्या लेबलवर लिहिलेला काढणीपूर्व कालावधी संपल्याशिवाय त्यांना झाडावरचे फळ तोडून खाऊ देऊ नये. यासाठी प्रत्येक प्लॉटच्या तोंडाशी फवारणीची तारीख व औषधाचे नाव लिहिलेली पाटी लावावी आणि ती घरातील कोणी बदलावयाची ते ठरवून द्यावे.