धूर दिसत नाही, तरी धोका असतो

पौष महिन्यात खान्देशात थंडी कडक पडते. धुळ्यात पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. मग म्हाताऱ्या माणसांसाठी, लेकरांसाठी रात्री शेगडी घरात घेतली जाते, फटी चिंध्यांनी बुजवल्या जातात आणि सगळे झोपतात. कोळसा लाल झाला, धूर थांबला, आता भीती नाही असे वाटते. ही समजूत चुकीची आहे.

कोळसा, लाकूड किंवा गॅस अपुऱ्या हवेत जळाला की कार्बन मोनॉक्साईड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस जागा न होताच बेशुद्ध पडतो. खोलीत पाण्याची बादली ठेवूनही उपयोग नाही. हा वायू पाण्यात फारसा विरघळत नाही.

धुराचेही तसेच. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बाळे दगावली. त्यातली सात धुराने गुदमरून गेली, असे शासनाने सांगितले. आगीची झळ लागण्याआधी धूर जीव घेतो.

म्हणून धुराची आणि या वायूची सूचना देणारी यंत्रे निघाली आहेत. प्रत्येक घराला ती परवडतील असे नाही. पण विहारात मुले अभ्यासाला किंवा शिबिराला मुक्कामी राहत असतील, तर वर्गणी काढून तिथे आधी बसवावीत. बसवल्यावर मात्र ती सांभाळली पाहिजेत.

१. दर पौर्णिमेला तपासा. यंत्रावरचे ‘टेस्ट’ बटण काही सेकंद दाबून धरा. झोपायच्या जागी, दार लावूनही आवाज ऐकू आला पाहिजे.

२. थोड्या थोड्या वेळाने ‘टिक’ असा आवाज येत असेल तर सेल संपत आला आहे. लगेच बदला. यंत्रातला सेल काढून रिमोटला लावू नका.

३. धूळ आणि कोळ्याची जाळी मऊ कोरड्या ब्रशने झाडा. पाणी, साबण, फिनेल, डासांचा फवारा यंत्राला लागू देऊ नका. भीमजयंतीआधी रंगकाम करताना यंत्र झाका आणि काम संपताच झाकण काढा.

४. धुराचे यंत्र छताजवळ लावा, पण चुलीच्या अगदी वर नको. उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्यालाही चिकटवू नका. किती तापमान चालते ते यंत्राच्या माहितीपत्रकात असते.

५. मागे छापलेली तारीख बघा. धुराचे यंत्र दहा वर्षांनी बदलावे. वायूचे यंत्र बहुधा पाच ते दहा वर्षे चालते. बटण दाबल्यावर आवाज आला तरी मुदत संपलेले यंत्र वायू ओळखेलच असे नाही.

६. सिलिंडरची गळती ही यंत्रे ओळखत नाहीत. त्यासाठी वेगळे यंत्र लागते. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण दाबू नका, रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.

यंत्र नसेल तर शरीराची खूण ओळखा. एकाच वेळी घरातल्या अनेकांचे डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, ताप मात्र नसतो, आणि बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटते. हे पित्त नव्हे. सगळ्यांना तत्काळ बाहेर काढा, १०८ ला फोन करा. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या आणि ‘बंद खोलीत शेगडी होती’ हे डॉक्टरांना आधी सांगा. यावर ऑक्सिजन हाच मुख्य उपचार आहे.

शेगडी अंगणात शेका, झोपताना घरात गोधडी घ्या. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवा. एक खिडकी थोडी उघडी ठेवा, पण तेवढ्यावर विसंबून शेगडी आत घेऊ नका. थंडी सोसता येते. गेलेला श्वास परत येत नाही.