नळाची धार बारीक का झाली?

माकणी गाव लोहारा तालुक्यात आहे. तेरणा नदीवरचं मोठं धरण इथंच आहे. कागदोपत्री त्याचं नाव निम्न तेरणा प्रकल्प, पण लोक माकणीचं धरण म्हणतात. पाऊस चांगला झाला की धरणात पाणीच पाणी दिसतं. गावाजवळ धरण असलं म्हणजे प्रत्येक घरच्या नळाला मोठी धार येते, असं मात्र नाही. आता हेच घर पाहा.

माकणीतलं एक घर आहे, असं समजा. घरात आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. दोन खोल्या पत्र्याच्या आहेत. मागं एक जुनी खोली दगडमातीची आहे. अंगणात लोखंडी स्टँडवर पाचशे लिटरची काळी टाकी बसवली आहे. बोअरचं पाणी टाकीत चढतं. तिथून एक पाइप न्हाणीत जातो, दुसरा स्वयंपाकघरात भांडी घासायच्या सिंककडं.

सिंकच्या नळाची धार बारीक झाली. आधी करंगळीएवढी होती, मग सुतळीएवढी झाली. सकाळी पोरांचे डबे, चहाची भांडी, भाजी धुणं, सगळं एका वेळी येतं. सून नळाखाली पातेलं ठेवायची आणि पोळी लाटायला जायची. पोळी भाजून झाली तरी पातेलं अर्धंच. शेवटी ती अंगणातून घागरीनं पाणी आणू लागली. घरात नळ, आणि कमरेवर घागर!

मुलगा म्हणाला, "टाकी उंच केली पाहिजे. मागच्या खोलीच्या भिंतीवर दोन गर्डर टाकतो आणि टाकी वर चढवतो."

आजीनं हातातलं सूप खाली ठेवलं. "त्या भिंतीवर? त्याच खोलीत पोरं झोपतात न्हवं?"

आजीच्या बोलण्यामागं कारण होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. भिंती दगडमातीच्या, जाड आणि जड. वर मातीचं माळवद. जमीन हलली, भिंती फुटल्या, वरचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. या भागात ते दुःख नाही असं घर शोधावं लागेल.

आता हिशेब करा. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. पाचशे लिटर म्हणजे पाचशे किलो, पाच क्विंटल! धान्याची पाच पोती जुन्या भिंतीच्या डोक्यावर कायमची ठेवाल का? आजीला आकडे येत नव्हते, पण तिचं म्हणणं बरोबर होतं.

मुलगा म्हणाला, "मग मोटर बसवतो."

तेवढ्यात सुनेचा भाऊ आला. तो लातुरात नळाचं काम करतो. आजी म्हणाली, "पाव्हणं, चहा मागनं घ्या. आधी ह्या नळाकडं बघा."

पाहुण्यानं पिशवीतून पान्हा काढला नाही. त्यानं मागितली एक बादली आणि एक घड्याळ. बादली दहा लिटरची होती. ती त्यानं न्हाणीच्या नळाखाली धरली. सव्वा मिनिटात भरली. मग सिंकच्या नळातून भरून पाहिली. साडेसहा मिनिटं लागली.

"दाजी," तो म्हणाला, "टाकी एकच, उंची तीच, पाणी तेच. न्हाणीत धार चांगली आहे. मग दोष टाकीचा कसा? टाकीपासून सिंकपर्यंत कुठंतरी वाट अडली आहे."

पाण्याला जोर कशानं येतो, हे इथं समजून घेऊ. टाकी मोठी असली म्हणून जोर येत नाही. जोर येतो उंचीनं. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा दहा मीटर, म्हणजे सुमारे तेहतीस फूट उंच असेल, तर बोटाच्या नखाएवढ्या जागेवर साधारण एक किलोचा दाब पडतो. या घरात टाकी भरली तरी पातळी सिंकच्या नळाच्या साडेपाच फूटच वर होती. दाब एक किलोचा सहावा हिस्सा झाला. तो थोडा आहे, पण भांडी घासायला पुरतो. मात्र थोडा दाब असला की लहानशी अडचणसुद्धा धार मारते.

परदेशांत काही लोक मोटारीमागं चाकांचं घर जोडून सहलीला जातात. त्या घरात सिंक असतं, नळ असतो, पण पाण्याची टाकी बहुधा खाली, तळाशी असते. उंची नाही, म्हणून बॅटरीवरचा छोटा पंप पाणी ढकलतो. तिथंही नळ मंदावला की जाणता माणूस पंप बदलायला धावत नाही. आधी नळाच्या तोंडची जाळी पाहतो, मग पंपाच्या अलीकडची गाळणी पाहतो. बहुतेक वेळा कचरा तिथंच सापडतो.

पाहुण्यानंही आधी जाळीच काढली. नळाच्या तोंडाला फडकं गुंडाळलं, वर पक्कड लावली, हळूच फिरवलं. फडक्यामुळं नळावर ओरखडा पडत नाही. जाळी हातात आली. तिच्यावर पांढरा थर होता, खडूसारखा. काळे कणही अडकले होते.

"अगं बया, ही जाळी निघती व्हय?" सून म्हणाली.

बोअरच्या पाण्यात क्षार असतात. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते जड पाणी. त्याचे क्षार जाळीच्या भोकांवर बसतात. घासून ते सहज निघत नाहीत, आंबटानं निघतात. वाटीत लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घ्या आणि जाळी बुडवा. बारीक बुडबुडे येतील. क्षार विरघळत असल्याची ती खूण. तासाभरानं जुन्या दातघासणीनं घासा, पाण्यानं धुवा. संडास धुण्याचं अ‍ॅसिड वापरू नका. त्यानं नळाचं पाणी चढवलेलं चकाकतं आवरण जातं आणि हात भाजतो.

जाळी भिजत होती तोवर पाहुणा सिंकखाली वाकला. तिथं एक छोटा कॉक असतो. तो अर्धा बंद असला तरी धार बारीक होते. तो पुरता उघडा होता. नळाला जोडलेली लवचीक नळीही मुरगळलेली नव्हती.

जाळी बसवून पुन्हा बादली भरली. साडेतीन मिनिटं. मुलगा खूश झाला. पाहुणा खूश झाला नाही. त्यानं बहिणीला विचारलं, "अक्का, धार दिवसभर सारखी असती का?"

"न्हाई. टाकी काठोकाठ असली की बरी. अर्धी झाली की नुसती फुसफुस करती."

हे ऐकून तो थेट बाहेर गेला. घरातल्या बाईला जे रोज दिसतं ते मिस्त्रीला एका फेरीत दिसत नाही, म्हणून तिला विचारावं. टाकीचा तळ जमिनीपासून सहा फुटांवर होता. तिथून पाइप निघून वर चढला होता, दाराच्या चौकटीवरून, साडेसात फुटांवर. मग खाली उतरून सिंककडं गेला होता. पाइपाला उंटासारखी मदार आली होती.

पाण्याबरोबर थोडी हवा असते. हवा नेहमी वर जाते. मदारीत ती साठते आणि बाहेर पडायला तिला वाट नसते. टाकी भरलेली असेल तर पाणी त्या हवेच्या खालून कसंबसं सरकतं. टाकी अर्धी झाली, की पाण्याची पातळी मदारीच्याही खाली जाते. मग धार तुटते. नळ बदला, कॉक बदला, काही उपयोग नाही.

मुलानं पुन्हा मोटरीचं काढलं. पाहुणा म्हणाला, "टाकीच्या पाण्यावर बसवाल तर बसवा, पण कशाला खर्च? आणि गावच्या नळाच्या लाइनीवर तर कधीच लावू नका." ग्रामपंचायतीच्या लाइनीला थेट मोटर लावायला मनाई असते. ती शेजाऱ्याचं पाणी ओढते. शिवाय पाइप कुठं फुटका असला तर गटाराचं पाणीही आत ओढलं जातं. असं पाणी पिऊन जुलाब होतात.

दुसऱ्या दिवशी दारावरचा पाइप कापला. नवा पाइप घराला वळसा घालून, भिंतीच्या कडेनं नेला. टाकीपासून सिंकपर्यंत कुठंही चढ राहू दिला नाही. पाइप अर्ध्या इंचाचा होता, तो एक इंचाचा घेतला. वाट लांबली होती ना! इंचाचं तोंड दिसायला दुप्पट, पण तेवढ्याच उताराला त्यातून पाणी चौपटीहून जास्त वाहतं.

सोल्यूशन सुकेपर्यंत पाणी सोडलं नाही. संध्याकाळी कॉक उघडला. आधी नळानं दोनदा खोकल्यासारखं केलं, हवा गेली, मग धार लागली. टाकी तेव्हा अर्धीच होती. आजीनं स्वतः बादली धरली आणि नातवानं घड्याळ. दीड मिनिट.

पाहुण्यानं निघण्याआधी स्टँडचे पाय पाहिले. दोन पाय मातीत रुतले होते. त्यांच्याखाली काँक्रीट घालायला सांगून तो गेला. टाकी होती तिथंच राहिली. सून आता महिन्यातून एकदा, अमावास्येला, जाळी काढते. उरलेल्या लिंबाच्या फोडी त्यासाठी ती वेगळ्या ठेवते.