घरी खरखर, भाट्येला स्पष्ट

प्रश्न : रत्नागिरीच्या बाजारपेठेत राहतो. १६० मीटर बँडवर घरी नुसती खरखर. भाट्ये किनाऱ्यावर तोच रेडिओ स्पष्ट ऐकवतो. असं का?

उत्तर : मुख्य कारण वस्तीत आहे. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांचा विद्युत गोंगाट कमी वारंवारतेवर फार जाचतो. रेडिओ बॅटरीवर लावून घरचा मेन स्विच बंद करून पाहा. खरखर तशीच राहिली तर ती शेजारून येते. मग छोटा लूप अँटेना फिरवून ती बरीच दाबता येते.

समुद्राचा हातभारही मोठा. खारं पाणी कोरड्या कातळापेक्षा हजारो पट चांगलं वाहक, म्हणून अरबी समुद्रावरून क्षितिजालगत येणाऱ्या लहरी किनाऱ्यावरच्या उभ्या अँटेनाला जोमदार मिळतात. मात्र दूरचं ऐकायचं तर रात्रीच. दिवसा आयनांबराचा खालचा थर त्या शोषून घेतो. आणि विजा चमकू लागल्या की अँटेना लगेच सोडवून ठेवा.