पत्त्याएवढे कार्ड आणि वर्णनाची किंमत

लिलाव हा विक्रीचा फार जुना प्रकार आहे. मराठीतला ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, कन्नडमधला ‘हराजु’ अरबी-फारसीकडून आला. पण दोन्ही शब्दांमागचा व्यवहार एकच. माल पुढे ठेवायचा, चारजणांनी बोली बोलायची आणि ज्याची बोली सर्वांत चढी त्याला माल द्यायचा. सांगलीच्या हळदीच्या सौद्यात व्यापारी हळकुंड मोडून पाहतो, रंग पाहतो आणि मगच भाव बोलतो. म्हणजे लिलावात भाव ठरण्यापूर्वी मालाची पारख झालेली असते, हे आपण गृहीत धरतो.

संगणकावरील लिलावाने नेमके हेच गृहीत काढून घेतले. तेथे माल शेकडो मैलांवर असतो. खरेदीदारापुढे असतात ती दोन-चार छायाचित्रे आणि विक्रेत्याने लिहिलेल्या दहा ओळी. अशा बाजारात वर्णन हाच माल होतो आणि वर्णन लिहिणाऱ्याच्या हाती किंमत जाते. याचा अभ्यास करण्यास अमेरिकेतील खेळाडूंच्या कार्डांचा बाजार फार सोयीचा आहे. कारण या वस्तूला उपयोगमूल्य जवळजवळ नाही. जे काही मूल्य आहे ते दुर्मिळता, अवस्था आणि ख्याती यांचे आहे, आणि या तिन्ही गोष्टी शब्दांनी फुगवता येतात.

कार्डांचा बाजार

पुठ्ठ्याच्या लहान तुकड्यावर एका बाजूस खेळाडूचे चित्र आणि दुसऱ्या बाजूस त्याची माहिती किंवा जाहिरात, असे हे कार्ड. आजचे नेहमीचे कार्ड अडीच इंच रुंद व साडेतीन इंच उंच, म्हणजे साधारण पत्त्याएवढे असते. प्रारंभी ही कार्डे सिगारेटच्या पाकिटांतून आणि पुढे च्युइंगगमबरोबर मिळत. मुलांनी ती हाताळली, टाकून दिली. म्हणूनच जुनी व चांगल्या अवस्थेतील कार्डे थोडी उरली.

पुरवठा थोडा व मागणी मोठी असली की किंमत चढते, हा नियम येथे ठळकपणे दिसतो. टॉप्स कंपनीच्या १९५२ सालच्या मिकी मँटल या बेसबॉलपटूच्या एका उत्तम अवस्थेतील कार्डास २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलर आले. उलट १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस व १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत कंपन्यांनी कार्डे इतकी छापली, आणि लोकांनी ती ‘पुढे सोने होईल’ म्हणून इतकी जपून ठेवली, की त्यांतील बहुतेकांना आज किंमत नाही. तरीही हीच कार्डे ‘जुनी’, ‘दुर्मिळ’, ‘गुंतवणुकीस योग्य’ अशा विशेषणांसह लिलावात मांडलेली दिसतात. वय आणि दुर्मिळता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खरेदीदार विसरेल यावरच त्या विक्रेत्याची भिस्त असते.

वर्णनातील चलाखी

फसव्या वर्णनाचे काही प्रकार ठरलेले आहेत. पहिला प्रकार पदार्पणाचा. खेळाडूच्या पहिल्या वर्षाच्या कार्डास ‘रूकी कार्ड’ म्हणतात व त्याला जास्त मोल येते. मँटलचे असे कार्ड १९५१ सालचे, बोमन कंपनीचे आहे. परंतु १९५२ चे टॉप्स कार्ड अधिक प्रसिद्ध असल्याने त्यालाच ‘रूकी’ म्हणण्याची प्रथा पडली. येथे कार्ड खरे असते, विशेषण चुकीचे असते.

दुसरा प्रकार पुनर्मुद्रणाचा. टॉप्सने स्वतःच १९८३ साली आपल्या १९५२ च्या संचाचे पुनर्मुद्रण काढले. त्यात खोटे काही नव्हते. ते पुनर्मुद्रण असल्याचे कार्डाच्या मागे छापलेले आहे. शिवाय मूळ कार्ड मोठे, म्हणजे सुमारे २⅝ इंच रुंद व ३¾ इंच उंच होते. पुनर्मुद्रण आजच्या नेहमीच्या मापाचे आहे. खोटेपणा शिरतो तो वर्णनात. मथळ्यात ‘१९५२ मँटल’ मोठ्या अक्षरांत, छायाचित्र फक्त पुढच्या बाजूचे, आणि ‘पुनर्मुद्रण’ हा शब्द अगदी तळाशी किंवा दोन अक्षरांच्या संक्षेपात. मोजपट्टी लावली असती तर जे क्षणात कळले असते, ते पडद्यावर कळत नाही.

तिसरा प्रकार आकड्यांचा आहे व तो मोठा मौजेचा आहे. आजच्या कंपन्या काही कार्डे मोजकीच काढून त्यांवर क्रमांक छापतात. उदाहरणार्थ, शंभरांपैकी तेविसावे. ज्याचे एकच कार्ड छापले ते ‘एकमेव’ व म्हणून अतिशय महाग. आता समजा, खेळाडूच्या अंगरख्यावरचा क्रमांकही तेवीस आहे. मग विक्रेता लिहितो, ‘अंगरख्याच्या क्रमांकाचे एकमेव कार्ड!’ अशा तर्काने शंभरांतले प्रत्येक कार्ड एकमेव ठरेल. कारण प्रत्येकाचा क्रमांक निराळाच आहे.

चौथा प्रकार मागितलेल्या किमतीचा. दहा डॉलरच्या कार्डावर पाचशेची किंमत लावून ते महिनोन्महिने तसेच ठेवतात. मग दुसरा विक्रेता त्याकडे बोट दाखवून म्हणतो, ‘बाजारभाव पाचशे आहे, मी तीनशेस देतो.’ वास्तविक मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. ज्या किमतीस माल खरोखर विकला गेला ती किंमतच बाजारभाव होय. ईबे या लिलावस्थळावर नुकत्याच झालेल्या विक्रींच्या किमती वेगळ्या पाहता येतात. नवखा खरेदीदार तेवढे कष्ट घेत नाही.

बोली कशी चढते

ईबेवर खरेदीदार आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. समजा, ‘अ’ने १०० डॉलर नोंदवले व ‘ब’ने ६०. एका डॉलरची पायरी धरल्यास ‘अ’ला कार्ड ६१ डॉलरला मिळेल. हा प्रकार विल्यम व्हिक्री यांनी १९६१ साली मांडलेल्या ‘दुसऱ्या क्रमांकाच्या किमती’च्या लिलावाशी मिळताजुळता आहे. त्यात खरेदीदाराने आपल्या मनातील खरी किंमत लिहावी हेच हिताचे ठरते.

पण विक्रेत्याचाच माणूस दुसऱ्या नावाने शिरला तर? त्याने ९५ डॉलर बोलले की ‘अ’ला ९६ द्यावे लागतात. माल तोच, खरा प्रतिस्पर्धी तोच; पस्तीस डॉलर मात्र केवळ नाटकापोटी गेले. याला खोटी बोली म्हणतात. ईबेच्या नियमांत तिला बंदी आहे, पण खोटे नाव ओळखणे कठीण असते.

खोटी बोली नसली तरीही एक धोका उरतोच. संदिग्ध वर्णनाचे कार्ड पाच जणांनी पाहिले तर प्रत्येकाचा अंदाज वेगळा असणार. जिंकतो तो ज्याचा अंदाज सर्वांत चढा, म्हणजे बहुधा ज्याचा अंदाज सर्वांत चुकलेला. अर्थशास्त्रात याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. वर्णन जितके मोघम, तितका हा शाप मोठा.

प्रमाणपत्राची मर्यादा

यावर उपाय म्हणून तिऱ्हाईत परीक्षक आले. ते कार्ड तपासून १ ते १० असे गुण देतात व ते प्लॅस्टिकच्या बंद डबीत ठेवतात. पीएसए ही अशी प्रमुख संस्था १९९१ साली निघाली. तिने गुण दिलेले पहिलेच कार्ड पिट्सबर्ग संघाच्या होनस वॅग्नरचे होते. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या मालेतील हे कार्ड. वॅग्नरच्या हरकतीमुळे त्याची छपाई थांबली असे सांगतात. ती हरकत तंबाखूला होती की मोबदल्याबद्दल होती, यावर एकमत नाही. थोडीच कार्डे उरली. त्यांतील या एकास ८ गुण मिळाले.

१९९१ साली ते ४ लाख ५१ हजार डॉलरला गेले. २००० साली ईबेवरून झालेल्या लिलावात त्याला १२ लाख ६५ हजार डॉलर आले आणि २००७ साली २८ लाख. पुढे २०१३ साली बिल मॅस्ट्रो या लिलाव-व्यावसायिकाने न्यायालयात गुन्हा कबूल करताना सांगितले की, या कार्डाच्या कडा आपणच कापून सारख्या केल्या होत्या. आपल्या संस्थेच्या लिलावांत खोट्या बोली लावल्याचेही त्याने मान्य केले. २०१५ साली त्याला वीस महिन्यांची कैद झाली. म्हणजे बावीस वर्षे एका प्रमाणपत्राच्या आधारावर किंमत चढत गेली, आणि ज्या तीक्ष्ण कडांसाठी ती चढली त्या कात्रीच्या होत्या. प्रमाणपत्र पारख सोपी करते. पारखीची गरज संपवत नाही.

अर्थशास्त्र काय सांगते

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखवले की, विक्रेत्याला मालाचे दोष ठाऊक व खरेदीदाराला नाहीत, अशा बाजारात खरेदीदार सर्वच मालाला सरासरी भाव देऊ लागतो. तो भाव चांगल्या मालाच्या मालकास परवडत नाही. तो निघून जातो. मागे भंगार उरते. या विचारासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

कार्डांच्या बाजारातच याचा पडताळा जिंजर जिन व अँड्र्यू काटो यांनी घेतला. त्यांनी ईबेवरून गुण न मिळालेली कार्डे विकत घेऊन ती परीक्षकांकडून तपासून घेतली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा : उत्तम अवस्थेचा दावा करणाऱ्यांना किंमत जास्त मिळाली, पण त्यांचा माल अधिक चांगला नव्हता, उलट त्यांच्याकडूनच फसवणूक जास्त झाली. ज्यांची नोंद चांगली होती ते विक्रेते व्यवहार पुरा करण्यात अधिक विश्वासू ठरले, परंतु पाठवलेले कार्ड अधिक सरस नव्हते.

आपला कायदा

या प्रश्नाची आपल्या अभ्यासक्रमाशी सरळ गाठ पडते. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या १५ व्या कलमानुसार वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. १६ वे कलम ‘खरेदीदारा, सावध राहा’ हे तत्त्व सांगते व त्याचे अपवादही देते. आणि ६४ व्या कलमात लिलावाबद्दल म्हटले आहे की, किंमत वाढवण्यासाठी विक्रेत्याने खोटी बोली लावली तर खरेदीदारास तो व्यवहार रद्द करता येतो. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनीही विक्रेत्याला मालाच्या गुणांचे खोटे वर्णन करण्यास मनाई केली आहे. संगणक नव्हता तेव्हा लिहिलेली कलमे आजच्या लिलावालाही लागू पडतात, कारण लबाडीची पद्धत बदलली तरी तिचा गाभा बदललेला नाही.

समारोप

कोणी म्हणेल, पुठ्ठ्याच्या तुकड्यासाठी लाखो मोजणाऱ्या हौशी माणसाची एवढी काळजी कशाला? पण प्रश्न केवळ त्याच्या खिशाचा नाही. ‘कोपरा किंचित दुमडला आहे’ असे खरे लिहिणाऱ्या विक्रेत्याला कमी भाव मिळतो आणि तेच लपवणाऱ्याला जास्त, तेव्हा बाजार खरेपणावर दंड बसवत असतो. असा दंड फार काळ भरायला कोणी तयार होत नाही. आज आपण पुस्तके, दुचाकी, भ्रमणध्वनी अशा वापरलेल्या वस्तूही छायाचित्र व वर्णन पाहून घेतो. तेथेही हेच घडू शकते.

म्हणून मागितलेली किंमत न पाहता विक्री झालेली किंमत पाहावी, विशेषणे वगळून उरलेले वाक्य वाचावे, मागच्या बाजूचे छायाचित्र मागावे, आणि आपली कमाल रक्कम बोली सुरू होण्यापूर्वीच ठरवावी. तसेच, आपण विकायला बसू तेव्हा मालातील खोट आधी लिहावी. खरेदीदाराने सावध राहावे हे ठीकच. पण विक्रेत्याने खरे लिहावे, यावरच अखेर बाजार चालतो.