साठ टी-शर्ट आणि साठ नावं

प्रश्न : 12 जानेवारीच्या जिजाऊ जन्मोत्सवाला सिंदखेडराजाला जाताना मंडळासाठी साठ रंगीत टी-शर्ट हवेत, प्रत्येकाच्या पाठीवर त्याचं नाव. डीटीएफ (डायरेक्ट-टू-फिल्म) छपाई टिकते का? मशीनच घ्यावं का?
– एक वाचक, चिखली

उत्तर : नावं वेगवेगळी म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग बाद, दर नावाला नवी स्क्रीन कोण करणार? डीटीएफमध्ये चित्र फिल्मवर उलटं छापतात, रंगांवर पांढरी शाई देतात आणि तिच्यावर चिकट पावडर वितळवतात. मग फिल्म कापडावर ठेवून हीट प्रेसनं साधारण 150-160 अंशांवर 10-15 सेकंद दाबतात. सुती असो वा पॉलिस्टर, काळं कापडही चालतं.

टिकणं दाबण्यावर आहे. फिल्म काढल्यावर बटर पेपर ठेवून पुन्हा दाबायला सांगा. घाईत नेमकं हेच टाळलं जातं. पाठभर भरीव चित्र नको, घाम कोंडतो. टी-शर्ट उलटा करून थंड पाण्यात धुवा.

मशीन सध्या नकोच. पांढरी शाई तळाशी बसते, म्हणून ते रोज चालवावं लागतं. आपला कोरडा उन्हाळा प्रिंट हेडची छिद्रं बुजवतो, पावसाळ्यात पावडर नको तिथे चिकटते. फार तर हीट प्रेस घ्या, फिल्म मीटरवर छापून मागवा. आणि एक नमुना दोनदा धुऊन पाहिल्याशिवाय साठांचा ॲडव्हान्स देऊ नका.