मोनेची बाग

चित्र म्हणजे हुबेहूब नक्कल, असे पुष्कळांना वाटते. पण झाडाचे पान न् पान मोजून काढले तरी झाड जिवंत दिसत नाही. वारा आला की पान हलते. ऊन सरकले की रंग पालटतो. हे चित्रात कसे आणायचे? क्लोद मोने या चित्रकाराने ते करून दाखवले. त्याची हकिकत आम्ही सांगतो.

मोने फ्रान्स देशातला. जन्म १८४० सालचा. १८८३ साली तो जिव्हेर्नी नावाच्या खेड्यात राहायला गेला. १८९३ साली त्याने तिथे तळे करायचे ठरवले. जवळच्या ओढ्याचे पाणी त्यात घ्यायचे होते. गावकरी बिथरले. याच्या परदेशी झाडांनी पाणी नासेल, मग आमची गुरे काय पितील, असे ते म्हणू लागले. अखेर परवानगी मिळाली. तळ्यात कमळे फुलली. पुढे तीस वर्षे मोनेने तेच तळे पुन्हा पुन्हा रंगवले.

तो तेलरंग वापरी. तेलरंग म्हणजे रंगाची पूड तेलात खललेली. तेल बहुधा जवसाचे. आपल्या विदर्भात पिकतो, तोच जवस बरं का! हा रंग लवकर वाळत नाही. म्हणून चुकले तर खरवडून पुन्हा काढता येते.

आता बाग काढू या. बागेसमोर उभे राहा. डोळे अर्धवट मिटा. बारीक पाने दिसेनाशी होतात. उजेड कुठे, सावली कुठे, एवढेच उरते. तेच आधी काढा. सावलीचा रंग टर्पेंटाइनने पातळ करून लावा. विस्तव जवळ नको, टर्पेंटाइन पेट घेते. मग उजेडाचा रंग दाट लावा. पातळ खाली, दाट वर. उलट केले तर पुढे तडे जातात.

गवताला कुंचला खालून वर ओढा. पाण्याला आडवा ओढा. फुलाचा ठिपका ठेवा आणि हात उचला. घोटत बसू नका, रंग मळतो. सारवलेल्या जमिनीवर बोटांचे फराटे शोभतात ना? तसेच कुंचल्याचे फटकारे दिसू द्या.

तेलरंग महाग असतात. तोवर जुन्या फळीवर कोळसा, गेरू आणि चुना घेऊन सराव करा.

म्हातारपणी मोनेच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. रंग नीट ओळखू येईनात. तेव्हा तो रंगाच्या नळीवरचे नाव वाचून रंग घेई. अक्षर असे उपयोगी पडते! शस्त्रक्रियेची त्याला भीती वाटे. शेवटी १९२३ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. चष्मा लावून तो पुन्हा कामाला लागला. १९२६ साली तो वारला. तळ्याची मोठमोठी चित्रे त्याने आपल्या देशाला दिली. १९२७ पासून ती पॅरिस शहरात लोकांसाठी मांडली आहेत.

आजची शस्त्रक्रिया पुष्कळ सोपी झाली आहे. तुमच्या घरी कुणाला अंधुक दिसत असेल तर भिऊन बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न
१. गावकऱ्यांना कशाची भीती वाटली?
२. पातळ रंग आधी का लावावा?
३. मोनेला वाचनाचा काय उपयोग झाला?
४. आपल्या परसातले एक झाड डोळे अर्धवट मिटून पाहा. काय दिसले ते पाच ओळींत लिहा.